लॉगिन नसलेले गुरू

हॉस्टेलच्या बोर्डावर ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलची एक नोटीस लागली आहे, ती तुमच्यापैकी किती जणांनी वाचली? मेसच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारीच आहे, म्हणजे नजर तरी गेली असणारच! त्यात म्हटलंय की, उन्हाळ्याच्या सुट्टीतली चार आठवड्यांची इंडस्ट्रियल इंटर्नशिप ज्यांना जमणार नाही, त्यांनी त्याऐवजी दोन ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेट्स आणि एका 'मान्यताप्राप्त' कॉन्फरन्सच्या हजेरीचा कागद दिला तरी चालेल. अजून हा नुसता प्रस्ताव आहे. विद्यार्थ्यांची मतं मागवली आहेत. मागवलीच आहेत तर माझं मत इथे देऊन टाकते: हा सौदा तोट्याचा आहे. आणि हे मी कॉन्फरन्स न बघता म्हणत नाहीये, बघून म्हणतेय.

(कंसात एक खुलासा. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटातलं. मराठी हा विषय होता, पण मार्कांपुरता. त्यामुळे मी मराठी विभागात लिहिणार हे कळल्यावर रूममेट्स तासभर हसत होत्या. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं!)

तर कॉन्फरन्स. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात एचआर टेक्नॉलॉजीवर दोन दिवसांची कॉन्फरन्स होती. आपल्या कॉलेजातले दहा-बारा जण व्हॉलंटिअर म्हणून गेलो. काम काय, तर पाहुण्यांच्या गळ्यात नावाचे पट्टे अडकवायचे, हॉलमध्ये माइक फिरवायचा आणि जेवणाच्या रांगेत 'सर, धिस वे प्लीज' म्हणत उभं राहायचं. मेकॅनिकलच्या मुलीचं एचआरवाल्यांत काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण ही टेक्नॉलॉजी आपल्याच मानगुटीवर बसणार आहे हो! नोकरीचा अर्ज चाळण्यापासून रजा, पगार, मूल्यमापन आणि ट्रेनिंगपर्यंत सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते हेच. अमेरिकेत या विषयाची मोठी कॉन्फरन्स १९९८ साली सुरू झाली. आपल्याकडे गुरुग्रामची 'टेकएचआर' २०१४ साली. आता तर जो उठतो तो अशी कॉन्फरन्स भरवतो.

तिथे मला कळलेली एक गोष्ट मात्र आवडली. भारतात 'एचआरडी' या नावाचा विभाग पहिल्यांदा उभा राहिला तो आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोत, १९७५ च्या सुमारास. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांनी त्याचा आराखडा केला होता. त्या आराखड्यात मूल्यमापनाचे फॉर्म होतेच, पण वरिष्ठाने हाताखालच्या माणसाबरोबर बसून बोलणं हाही त्याचा एक भाग होता. बसून, बोलणं! पन्नास वर्षांनी त्याच विषयाच्या मांडवात मी उभी होते आणि स्टॉलवरचा प्रत्येक जण मला सांगत होता, की आमचं सॉफ्टवेअर घेतलं की कुणालाही कुणाशी बोलावं लागत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी 'लर्निंग' या विषयावर मोठं भाषण होतं. वक्त्यांनी पडद्यावर तीन आकडे दाखवले: ७०, २०, १०. म्हणजे माणूस कामावर जे शिकतो त्यातलं ७० टक्के प्रत्यक्ष कामातून, २० टक्के बरोबरच्या माणसांकडून आणि उरलेलं १० टक्के वर्गात बसून. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपमधल्या मंडळींनी १९८० च्या दशकात मॅनेजर लोकांना 'तुम्ही कसे शिकलात' असं विचारलं, त्यातून निघालेला हा हिशोब. आता खरं सांगायचं तर आपल्या लॅबमध्ये इतकी गोल-गोल रीडिंग्ज आली असती तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं! मॅनेजरांना विचारून निघालेलं हे प्रमाण लेथवरच्या ऑपरेटरला तसंच्या तसं कसं लागू होईल? पण आकडे सोडा, मुद्दा खरा आहे. शिकण्याचा मोठा वाटा वर्गाच्या बाहेर असतो, हे आपण हॉस्टेलवाल्यांना कुणी सांगायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री थर्मोडायनॅमिक्स कोण कुणाला शिकवतं?

गंमत पुढेच आहे. ९० टक्के शिकणं वर्गाबाहेर होतं असं पाच मिनिटांत सांगून झाल्यावर, उरलेली चाळीस मिनिटं त्यांनी दहा टक्क्यांचं सॉफ्टवेअर विकलं. कोर्सेसची लायब्ररी, व्हिडिओ, क्विझ, बॅज, लीडरबोर्ड. बाहेरचे सगळे स्टॉलही त्याच दहा टक्क्यांचे. ९० टक्क्यांचा स्टॉल कुठे होता? तो होता लॉबीत, चहाच्या टेबलाशी.

चाकणच्या एका कारखान्यातल्या एचआर मॅडम तिथे भेटल्या. माझ्या पट्ट्यावरचं कॉलेजचं नाव वाचून त्याच बोलायला लागल्या. त्यांच्याकडे सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे आणि रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळ्यांनी तो पूर्ण केलेला दिसतो. का? तर जेवायच्या सुट्टीत आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवायचा आणि डबा उघडायचा. डबा संपतो, कोर्स संपतो, हिरवी खूण येते! मॅडम म्हणाल्या, "मला ते माहीत आहे, साहेबांना माहीत आहे, सॉफ्टवेअरवाल्यालाही माहीत आहे. पण ऑडिटला हिरवी खूण लागते ना, बेटा." पुढे त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या एका गृहस्थांना विचारलं, "तुम्ही हे कसं सांभाळता?" आणि दोघं पाऊण तास तिथेच उभे राहून बोलले. आत मंचावर परिसंवाद चालू होता, त्यात दोघांच्याही खुर्च्या रिकाम्या.

हे काही मी एकटीनेच बघितलेलं नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने फार वर्षांपूर्वी वर्षभर खपून एक मोठी परिषद भरवली. संपल्यावर लोक म्हणाले, सगळं छान होतं, पण खरी मजा कॉफीच्या सुट्टीत आली! माणूस शहाणा. त्याने १९८५ पासून कॉफीच्या सुट्टीसारखीच परिषद भरवायला सुरुवात केली, 'ओपन स्पेस' या नावाने. आधी ठरलेले वक्ते नाहीत, ज्याला जो विषय बोलायचा त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावायचा. २००५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेले 'बारकॅम्प' याच जातीचे, आणि ते नंतर आपल्या पुण्यातही झाले. तेव्हा कॉन्फरन्सला जाऊच नका असं मी मुळीच म्हणत नाही. जा, आणि चहाच्या टेबलाशी रेंगाळा. पण हजेरीचा कागद मिळतो तो आतल्या खुर्चीचा. लॉबीतल्या पाऊण तासाचा कागद कोण देणार? कॉलेज तर कागदच मागतंय.

आता पिरंगुटकडे वळू, कारण कॉन्फरन्सनंतर दोनच महिन्यांनी मी तिथे इंटर्नशिपला होते. आपला मुळशी तालुका तरी काय वल्ली आहे बघा. एका टोकाला हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क (हो, तो मुळशी तालुक्यातच येतो, हॉस्टेलमधल्या निम्म्या जणांना हे माहीत नसतं), दुसऱ्या टोकाला धरण आणि ताम्हिणीचा पाऊस, आणि मधल्या पट्ट्यात पिरंगुट, उरवडे इथल्या लहान-मोठ्या कंपन्या. मी गेले ते एक छोटंसं मशिनिंगचं वर्कशॉप होतं. मोठ्या कंपन्यांसाठी रिंगा, बुश असले जॉब करून देतात. मला ज्यांच्या हाताखाली उभं केलं ते ऑपरेटर काका मुळशीतल्याच एका गावचे. शाळा नववीपर्यंत. मशीनवर अठरा वर्षं. पगार कंत्राटदाराकडून.

पहिला आठवडा मी मशीनला हातही लावला नाही. बुरादा काढायचा, तयार जॉबच्या कडेची बर कानशीने घासायची, जॉब पुसून ट्रेमध्ये मांडायचे. ('कानस' हा शब्दही मी तिथेच शिकले. आपल्या वर्कशॉपच्या जर्नलमध्ये ती 'फाइल' असते, आणि फाइल म्हणजे मला कॉम्प्युटरमधली!) मनात आलंच की, यासाठी का मी घर सोडून आले? पण तीनशे जॉबची बर घासल्यावर हाताला कळायला लागतं की, या ट्रेमधली धार वेगळी आहे. म्हणजे टूल संपत आलंय. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोघांचं १९९१ सालचं एक गाजलेलं पुस्तक आहे, त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचा दाखला येतो. तिथे नव्या पोराला आधी तयार कपड्याला इस्त्री करायला देतात, मग शिवायला आणि कापायला अगदी शेवटी. काम उलट्या टोकाकडून शिकायचं. शेवट बघितला की सुरुवात कशासाठी असते ते समजतं आणि चूक झाली तरी कापड वाया जात नाही. काकांनी ते पुस्तक ऐकलेलंही नाही. त्यांना त्यांच्या उस्तादाने असंच शिकवलं होतं, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात एक भारी प्रकार झाला. पातळ भिंतीच्या रिंगांची ऑर्डर होती. जॉब मशीनवर असताना बोअर गेजने मोजला की माप बरोबर. काढून टेबलावर मोजला तरी जवळजवळ बरोबर. पण प्लग गेज काही केल्या आत जाईना! सुपरवायझर म्हणाले, गेज खराब झालं असेल. दुसरं गेज आणलं, तेही अडकलं. तेवढ्यात चहा आला. काकांनी आपला कागदी कप रिकामा केला, माझ्यासमोर धरला आणि त्याच्या तोंडाला तीन बोटांनी तीन बाजूंनी दाबलं. कपाचं तोंड तिकोनी झालं. म्हणाले, "हे चकचे तीन जबडे. जोरात आवळले की रिंग अशी दबते. दबलेली असतानाच आपण तिला आतून गोल कापतो. आता सोड." बोटं काढली, कप परत गोल. "रिंग आपल्या जागेवर परत गेली, मग आपण कापलेलं भोक गोल राहील का, ताई?"

मी तर थक्क! कारण मेट्रॉलॉजीमध्ये हे मला होतं. तीन उंचवट्यांचा आकार दोन टोकांत मोजला की सगळीकडून व्यास सारखाच दिसतो, म्हणून दोन बिंदूंचं गेज फसतं आणि प्लग गेज फसत नाही. चार मार्कांचा प्रश्न, आकृतीसह. मी तो परीक्षेत लिहिलाही होता. पण पिरंगुटच्या टेबलावर रिंग हातात असताना त्या चार मार्कांनी तोंड उघडलं नव्हतं; ते उघडलं कागदी कपाने. मग काकांनी चकचा दाब कमी केला, शेवटचा कट अगदी हलका ठेवला, आणि प्लग गेज सुळ्ळकन आत गेलं.

चहाची ती दहा मिनिटं कंपनीच्या हिशोबात 'ब्रेक' म्हणून लागतात. उत्पादन शून्य.

अशा गोष्टी त्यांच्याकडे किती म्हणून होत्या! थंडीत पहिल्या पाळीला मशीन गार असतं, स्पिंडल तापेपर्यंत माप हलत राहतं, म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं रिकामं फिरवायचं. कट चालू असताना डोळे मिटून उभं राहायचं आणि आवाज ऐकायचा. इन्सर्ट झिजलं की आवाज आधी बदलतो, माप नंतर जातं. मॅन्युअलच्या कुठल्यातरी पानावर हेही असेल, मी नाही म्हणत नाही. पण मॅन्युअलला हे माहीत नसतं की, आज, आत्ता, या पोरीला यातली नेमकी कुठली गोष्ट सांगायला हवी.

हे 'नेमकं आत्ता' काय असतं, यावर एका माणसाने अख्खं पुस्तक लिहिलंय. जूलियन ऑर हा मानवशास्त्राचा अभ्यासक. त्याने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या टेक्निशियनांबरोबर राहून त्यांचं काम बघितलं, ते पुस्तक १९९६ साली आलं. कंपनीने या लोकांना जाडजूड मॅन्युअल दिलं होतं: हे झालं तर ते करा, ते झालं तर हे करा. पण मशीन काही मॅन्युअल वाचून बिघडत नाही. मग ही मंडळी सकाळी नाश्त्याला एकत्र जमायची आणि गप्पा मारायची. विषय काय, तर मशीन! 'परवा त्या ऑफिसातल्या मशीनने असं केलं, मग मी तसं केलं...' बाहेरून बघणाऱ्याला वाटावं टाइमपास चाललाय. खरं तर कंपनीची सगळ्यात उपयोगी शाळा त्या नाश्त्याच्या टेबलावर भरत होती.

आणि आता टेक्नॉलॉजीची बाजू, कारण मी तिची शत्रू नाही. झेरॉक्सने पुढे १९९० च्या दशकात 'युरेका' नावाची सिस्टिम केली. टेक्निशियनने आपली युक्ती त्यात लिहायची, दुसऱ्या टेक्निशियनांनी ती तपासायची, आणि मग ती सगळ्यांना खुली. प्रत्येक युक्तीसाठी पैसे द्यावेत असं सुचवलं गेलं, तर टेक्निशियनच नको म्हणाले. पैसे ठेवले तर लोक नुसते आकडे वाढवतील, युक्ती चांगली आहे का हे कुणी बघणार नाही. त्याऐवजी युक्तीखाली लिहिणाऱ्याचं नाव ठेवा, म्हणाले. नाव ठेवलं, आणि सिस्टिम चालली. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ज्याने सांगितलं त्याचं नाव जी टेक्नॉलॉजी टिकवते, ती कामाची. किती मिनिटं व्हिडिओ बघितला हे जी मोजते, ती डब्याची सोबत.

आता काकांच्या नावाचं काय झालं ते ऐका. त्या वर्कशॉपमध्येही नवं एचआर सॉफ्टवेअर आलं होतं. गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटसाठी ट्रेनिंगच्या नोंदी लागतात ना. माझी चार आठवड्यांची नोंद त्यात भरली गेली. शिकणाऱ्याच्या रकान्यात मी. शिकवणाऱ्याच्या रकान्यात? काकांचं नाव टाकायला गेले तर यादीत ते नाहीतच. यादीत फक्त कायम नोकरीतली माणसं, ज्यांना एम्प्लॉयी कोड आहे. कंत्राटी माणसाला कोड नाही, कोड नाही म्हणून लॉगिन नाही, लॉगिन नाही म्हणून तो सिस्टिमला दिसत नाही. शेवटी ऑफिसातल्या एका सरांचं नाव निवडून 'सेव्ह' केलं गेलं. ते सर चांगले आहेत, पण त्यांनी मला चार आठवड्यांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे काही शिकवलेलं नाही.

कॉन्फरन्समध्ये 'कौशल्यांचा नकाशा' म्हणून एक रंगीत जाळं दाखवलं होतं. कंपनीत कुणाला काय येतं हे एआय एका क्लिकवर सांगणार म्हणे. हिंजवडीपासून पिरंगुटपर्यंत या तालुक्यातली कितीतरी माणसं कंत्राटावर आहेत: ऑपरेटर, ड्रायव्हर, कँटीन, हाउसकीपिंग, सिक्युरिटी. त्यांना काय येतं ते त्या जाळ्यात कुठल्या रंगात दाखवणार? सरकारला निदान हा प्रश्न सुचला तरी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, जो कामावरच शिकला त्याची परीक्षा घेऊन त्याला सर्टिफिकेट द्यायची सोय केली गेली. काकांना मी ते सांगितलं. म्हणाले, "चांगलं आहे. पण त्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार?"

आपल्या जिल्ह्याला हे सगळं पूर्वी कळत नव्हतं असंही नाही. टेल्को १९६६ साली पुण्यात आली तेव्हा सुमंत मुळगावकरांनी सुरुवात केली ती मशीन टूल्स बनवण्यापासून आणि शिकाऊ उमेदवार तयार करण्यापासून. पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. अकरा वर्षं! आज एखाद्या कंपनीला सांगा बरं, आधी अकरा वर्षं माणसं आणि हत्यारं घडवा म्हणून. आणि पाबळचा विज्ञान आश्रम तर अनेकांनी पाहिला असेल. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केला, शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला. अमेरिकेतल्या एमआयटीने २००२ मध्ये आपली फॅब लॅब नेऊन ठेवली ती त्या पाबळला.

"हे सगळं मेकॅनिकलवाल्यांचं झालं, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना काय त्याचं?" असं शेजारच्या रूममधून ऐकू येतंय. तर माझ्या मावसताईचं सांगते. ती लातूरची, २०२० मध्ये आयटीत लागली. लॉकडाउन होता, लॅपटॉप कुरिअरने घरी आला आणि ऑफिस म्हणजे आजीच्या खोलीतला कोपरा. आयटीत 'केटी' म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर' बरं का, आपली एटीकेटी नव्हे. जुना माणूस प्रोजेक्ट सोडताना नव्याला सगळं समजावून देतो ती केटी. ताईला केटी मिळाली ती रेकॉर्डिंग्जची. तास न् तास. त्यात सगळं होतं. फक्त विचारायला कुणी नव्हतं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला 'अरे, हे असं का केलंय?' एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. तेच विचारायला तिला मीटिंग ठेवायला लागायची, पंधरा मिनिटांची, उद्याची. मग ती विचारेनाशीच झाली. दीड वर्षाने पहिल्यांदा हिंजवडीच्या ऑफिसात आली आणि टपरीवर एका सीनिअरने सहज बोलता बोलता सांगितलं, की तो विचित्र वाटणारा कोड एका जुन्या गिऱ्हाइकाच्या हट्टापायी लिहिलेला आहे, त्याला हात लावू नकोस. रेकॉर्डिंगमध्ये हे कसं असेल? रेकॉर्डिंग चालू असताना गिऱ्हाइकाला हट्टी कोण म्हणेल!

म्हणूनच, टपरीवरच्या गप्पाही मोजायच्या, चॅट वाचून कोण कुणाला शिकवतो ते एआयने शोधायचं, त्याचे पॉइंट द्यायचे, हे जे मंचावर कौतुकाने सांगत होते, त्याने माझ्या पोटात गोळा आला. उद्या चहाचे पॉइंट ठेवले तर लोक पॉइंटसाठी चहा पितील. आणि कोणी ऐकतंय म्हटल्यावर 'हात लावू नकोस' हे वाक्य कुणाच्याच तोंडून निघणार नाही.

आता समोरची बाजू. प्रस्ताव आणणाऱ्या सरांशी मी बोलले, आणि त्यांचंही चूक नाही. सगळ्यांना कंपन्या मिळत नाहीत. चार आठवड्यांच्या पोरांना घ्यायला छोट्या वर्कशॉपचे मालक कां कू करतात, त्यांना ते लोढणं वाटतं. मुलींच्या घरून पाळीच्या वेळेवरून नकार येतो. आणि 'काकाची कंपनी आहे, सर्टिफिकेट मिळतं रे' हा प्रकार तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. घरी झोपून आणलेल्या इंटर्नशिपच्या कागदापेक्षा निदान खरोखर बघितलेला ऑनलाइन कोर्स बरा, हे सरांचं म्हणणं मला पटतं. पण औषध म्हणून इंटर्नशिपच ऐच्छिक करायची? त्यापेक्षा चारच्या दोन आठवडे करा, पण तेवढे खरे करा. भूगाव ते पौड रस्त्यावर इतकी वर्कशॉप्स आहेत. आपल्या स्टाफपैकी दोघा-तिघांनी सुट्टीआधी फिरून मालकांशी बोलणं केलं, तर एकेका ठिकाणी दोन-दोन मुलं लागतील. मुलींसाठी जनरल शिफ्ट मागून घ्यावी. कॉन्फरन्सला आवर्जून पाठवा, पण इंटर्नशिपच्या जागी नको.

आणि रिपोर्टचा फॉरमॅट बदला, एवढी एक विनंती. सध्याच्या फॉरमॅटमध्ये 'कंपनी प्रोफाइल' सहा पानं आहे, ती सगळे कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवतात. ती एका पानावर आणा आणि एक नवा तक्ता घाला. तीन रकाने: काय शिकलो, कुणाकडून, कुठे. 'कुणाकडून'मध्ये हुद्दा नको, माणसाचं नाव हवं, त्यांची परवानगी घेऊन. 'कुठे'मध्ये 'चहाच्या वेळी' लिहिलं तर मार्क कापू नयेत! खोटं सर्टिफिकेट आणणाऱ्याला हा तक्ता भरता येणार नाही, कारण तोंडी परीक्षेत सरांनी नुसतं विचारायचं, "हे कोण? त्यांनी काय दाखवलं?" मी माझ्या रिपोर्टला असा तक्ता हाताने आखून जोडला होता. एकूण एकोणीस ओळी भरल्या, त्यातल्या चौदा ओळींत काकांचं नाव. सर म्हणाले, "हे फॉरमॅटमध्ये नाहीये." पण फाडून काढलं नाही. रिपोर्टची एक झेरॉक्स मी पिरंगुटला नेऊन दिली. काकांनी तेवढंच पान घडी घालून खिशात ठेवलं, बाकीचा रिपोर्ट मला परत केला.

मतांची पेटी लायब्ररीच्या दाराशी, झेरॉक्सच्या दुकानासमोर ठेवली आहे. टर्म संपेपर्यंत चिठ्ठी टाकता येईल, नाव नाही लिहिलं तरी चालतं. आणि मे महिन्यात पिरंगुटला जाणाऱ्या ज्युनिअर मुलींनो, सेफ्टी शूज नवे घेऊ नका. आमच्या रूममध्ये दोन जोड पडून आहेत, साइज पाच आणि सहा. डबा मात्र मोठा न्या, तिथे सगळे वाटून खातात.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल